काळा फळा, पांढरा पडदा

तेहतीस वर्षे मी शाळेत शिकवले. एवढ्या काळात माझ्या हातून किती खडू झिजले असतील, याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. परंतु संध्याकाळी घरी परतल्यावर सदऱ्याच्या बाह्या झटकल्या, की अंगणात पांढऱ्या धुळीचा एक लहानसा ढग उठे, आणि आई दारातून विचारी, "आलास का रे गिरणीतून?" त्या धुळीचा मला कधी कंटाळा आला नाही. उलट, २०१८ साली निवृत्त होताना मेजावर पडलेला एक अर्धा खडू मी नकळत खिशात टाकला. तो अजून माझ्याजवळ आहे.

अशा मनुष्याने वयाच्या पासष्टाव्या वर्षी संगणकापुढे बसून 'स्लाइड' तयार करावयास शिकावे, हा योग कसा आला, ते सांगतो.

आमच्या गावाच्या पूर्वेला, बाजारतळाच्या मागे, एक जुनी बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरत थेट पाण्यापर्यंत जावे. वाटेत एक कमान लागावी. भिंतीत पणती ठेवण्याचे कोनाडे असावेत, अशी तिची रचना. महाराष्ट्रात अशा बारवा अनेक गावी आढळतात. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहण्यास तर लांबून लोक येतात. आमची बारव तितकी मोठी नाही आणि प्रसिद्ध तर मुळीच नाही. घरोघरी नळ आल्यावर गावाने तिच्याकडे पाठ फिरवली. पुढे पुढे बाजाराचा केरकचरा तिच्यात पडू लागला. २०२४ च्या पावसाळ्यात एक वासरू आत पडून दगावले, तेव्हा गावात बोलणे सुरू झाले, की ही धोक्याची जागा बुजवून टाकावी आणि तेथे बाजाराच्या दिवशी गाड्या उभ्या करण्याची सोय करावी.

हे ऐकून मी अस्वस्थ झालो. सरपंच माझे जुने विद्यार्थी. त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले, "सर, तुमचे म्हणणे मला पटते, पण ते ग्रामसभेला पटले पाहिजे. २६ जानेवारीच्या सभेत तुम्हांला दहा मिनिटे देतो. मात्र नुसते बोलू नका, पडद्यावर काही दाखवा. लोक आता डोळ्यांनी ऐकतात."

'डोळ्यांनी ऐकतात' हे त्यांचे शब्द मनात घोळवीत मी घरी आलो आणि सातवीत शिकणाऱ्या माझ्या नातीपुढे उभा राहून म्हणालो, "बाई, मला स्लाइड करावयास शिकवाल का?" ती खुदकन हसली, पण लगेच गंभीर होऊन तिने खुर्ची पुढे ओढली. गुरूला शोभेल असाच तो गंभीरपणा होता.

'स्लाइड' हा शब्द मला अगदीच परका नव्हता. लहानपणी तालुक्याच्या गावी तंबूतला सिनेमा पाहावयास आम्ही जात असू. चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर कापडाच्या दुकानाची, दंतमंजनाची अशी अक्षरे झळकत. ती एका चौकोनी काचेवर लिहिलेली असत. काच यंत्राच्या खाचेत सरकवली, की मागच्या प्रखर दिव्यामुळे तिच्यावरचे लिखाण मोठे होऊन पडद्यावर उमटे. अशी सरकवावयाची ती स्लाइड. महाराष्ट्राला तर ही कला फार पूर्वीपासून ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी काचेवर रंगीत चित्रे काढून, ती दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवून कथा सांगण्याचा खेळ उभा केला होता. त्याचे नाव त्यांनी 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त ठेवले होते. १८९६ साली मुंबईत हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला, त्याच्याही आधीची ही गोष्ट.

काच गेली, पण नाव राहिले. १९८७ साली अमेरिकेत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांच्या प्रयत्नांतून 'पॉवरपॉइंट' ही संगणक-प्रणाली बाजारात आली. आरंभी तिचा उपयोग पारदर्शक कागदावर छापण्याची पाने तयार करण्यासाठी होई. ते कागद मग दिव्याच्या यंत्रावर ठेवून भिंतीवर दाखवीत. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट या कंपनीने ती प्रणाली विकत घेतली. आता तशा प्रणाली आणखीही आहेत. आमच्या घरच्या संगणकावर होती ती 'लिबरऑफिस इम्प्रेस'; तिला मोल पडत नाही.

माझा पहिला धडा सुरू झाला. नातीने कोरे सादरीकरण उघडले. पडद्याच्या मध्यभागी एक मोठे पांढरे पान दिसू लागले आणि डाव्या कडेला त्याच पानाची चिमुकली प्रतिमा. "आजोबा, मधले पान म्हणजे तुमची वही आणि डावीकडे तिची अनुक्रमणिका," ती म्हणाली. पानावर दोन चौकटी होत्या. वरच्या चौकटीत शीर्षक आणि खालच्या चौकटीत मजकूर लिहावयाचा. नवे पान हवे असेल तर कंट्रोल ही कळ दाबून धरून एम दाबावी; चूक झाली तर कंट्रोल आणि झेड; केलेले काम जपून ठेवावयाचे तर कंट्रोल आणि एस. सगळे झाले, की एफ-पाच ही कळ दाबताच पहिले पान सारा पडदा व्यापून उभे राहते. बाणाच्या कळीने पुढे जावे, मागे यावे. या चार-पाच कळांत काम भागते, हे पाहून मला फार आनंद झाला.

आनंद झाला, आणि तेथेच माझी फसगत झाली. चार दिवसांत मी चोवीस स्लाइड लिहून काढल्या. बारवेचा इतिहास, तिची बांधणी, पाण्याचे महत्त्व, पूर्वजांचे ऋण, काहीही सोडले नाही. प्रत्येक पानावर काठोकाठ मजकूर भरला. अक्षरांना रंग देता येतात असे कळताच लाल, हिरवी, जांभळी अक्षरे केली. ती गिरक्या घेत आत येऊ शकतात असे कळताच त्यांना गिरक्या घ्यावयास लावले. नातीने एकदा हळूच म्हटले, "आजोबा, जरा जास्त होत नाही ना?" मी म्हणालो, "अगं, दहा मिनिटेच मिळाली आहेत. सगळे सांगितले पाहिजे!"

सभेपूर्वी तालीम असावी, म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या जुन्या शाळेत सातवीच्या वर्गापुढे उभा राहिलो. शाळेच्या संगणकाला माझी फाईल जोडली, एफ-पाच दाबले, आणि पडद्याकडे पाहतच राहिलो. माझ्या मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, कंस, टिंबे आणि आकडे यांची नुसती खिचडी झाली होती, आणि ती खिचडी गिरक्या घेत होती! मुले खो खो हसू लागली. मीही हसलो, पण कानशिले तापली होती, हे कशाला लपवू?

या फजितीचे कारण शोधून काढल्यावर मला एक नवीन गोष्ट कळली. शाळेत असताना प्रश्नपत्रिका ज्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचात मी टंकीत असे, तोच मी येथे वापरला होता. त्या पद्धतीत संगणकाच्या पोटात मराठी अक्षर साठवले जातच नाही. साठवले जाते ते रोमन अक्षर, आणि त्याच्या अंगावर मराठी अक्षराचा अंगरखा चढवलेला असतो. दुसऱ्या संगणकावर तो अंगरखा नसला, की आतले सोंग उघडे पडते. यावर उपाय म्हणजे 'युनिकोड'. युनिकोडमध्ये जगातील लिप्यांच्या अक्षरांना आपापला ठरलेला क्रमांक आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. तो पुण्यात २३२५, तसाच टोकियोतही २३२५. त्यामुळे 'क' कोठेही गेला, तरी 'क'च राहतो. मी सारा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकला आणि सावधगिरी म्हणून त्याची पीडीएफ प्रतही करून ठेवली.

आठवड्याने पुन्हा त्याच वर्गात गेलो. या खेपेस अक्षरे जागच्या जागी होती. मी पडद्याकडे तोंड करून वाचू लागलो. पहिले पान वाचले, दुसरे वाचले, तिसरे वाचले. सातव्या पानाशी मला जाणवले, की वर्ग शांत आहे. परंतु ती शांतता ऐकण्याची नव्हती. तेहतीस वर्षे शिकवलेल्या माणसाला दोन शांततांमधला भेद पाठमोरा असतानाही कळतो. मी वळून पाहिले. पुढची मुले जांभया आवरीत होती. मधली एक मुलगी डोळे बारीक करून पडदा वाचण्याची खटपट करीत होती. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि अगदी सरळपणे म्हणाला, "सर, हे तर आम्हांला वाचता येते. मग तुम्ही कशाला वाचून दाखवता?"

वर्गशिक्षकांनी त्याला दटावले. मी त्यांना थांबवले; कारण त्याचे खरे होते.

त्या दुपारी घरी न जाता मी त्या रिकाम्या वर्गात बसून राहिलो. समोर काळा फळा होता. मनात विचार आला, या फळ्यावर मी कधी सारा धडा लिहून काढला होता का? कधीच नाही. नदीचा धडा असला, तर खडूची एक नागमोडी रेघ मी काढी आणि बोलू लागे. बोलता बोलता त्या रेघेला एखादी उपनदी येऊन मिळे. सबंध तासात फळ्यावर मोजून चार-पाच शब्द उमटत. पण जो शब्द उमटे, तो मुलांच्या मनात राही. शिवाय फळ्याकडे पाठ आणि मुलांकडे तोंड, हा शिक्षकाचा पहिला नियम. नव्या शिक्षकांना तो मीच शिकवीत असे. मग पांढरा पडदा समोर येताच हे सारे मी कसा विसरलो? साधन नवे होते, एवढ्यावरून माझे जुने ज्ञान निरुपयोगी झाले, असे मी समजून चाललो होतो.

घरी आलो तो नातीला म्हणालो, "आज संगणक बंद. लग्नपत्रिका काढ." आमच्या घरी जुन्या लग्नपत्रिका टाकून देण्याची रीत नाही, त्यांच्या कोऱ्या पाठी लिहिण्यास उपयोगी पडतात. त्यांचे पत्त्यांएवढे तुकडे करून आम्ही ओसरीवर बसलो. प्रत्येक तुकड्यावर एकच गोष्ट लिहावयाची, असे ठरले. नाती विचारी, "आजोबा, हे सांगितले नाही, तर ग्रामसभेचे काही अडेल का?" अडणार नसेल तर तो तुकडा बाजूला. पूर्वजांचे ऋण गेले, पाण्याचे महत्त्व गेले. चोवीसांचे आठ तुकडे उरले. मग ते जमिनीवर मांडून आम्ही मागेपुढे सरकवू लागलो. मी आरंभ इतिहासापासून करणार होतो. नात म्हणाली, "लोकांना आधी वासरू आठवेल. त्याचे उत्तर दिल्यावाचून ते दुसरे काही ऐकणार नाहीत." मला ते पटले. ज्यांचे मत आपल्याहून वेगळे असते, त्यांची शंका आपण प्रथम विचारात घ्यावी. तीच पडद्यावर मांडावी आणि मग उत्तर द्यावे.

त्या आठ तुकड्यांच्या आठ स्लाइड झाल्या. पहिल्या स्लाइडवर बारवेचे आजचे छायाचित्र. ते नातीने स्वतः काढले होते. "दुसऱ्याचे चित्र घ्यावयाचे तर त्याची परवानगी हवी आणि खाली त्याचे नाव हवे, त्यापेक्षा आपणच काढू," असे ती म्हणाली होती. दुसऱ्या स्लाइडवर बारवेभोवती लोखंडी कठडा कसा बसवता येईल, याचे साधे रेखाचित्र. तिसरीवर बाजारतळाचा नकाशा आणि त्यात गाड्यांसाठी मोकळी असलेली दुसरी जागा. चौथीवर केवळ दोन आकडे: ४१ आणि १४. लहानपणी आम्ही मुलांनी मोजलेल्या पायऱ्या ४१. आज कचऱ्याच्या वर दिसतात त्या १४. पाचवीवर काजळीने काळा झालेला एक कोनाडा. सहावीवर एकच आकडा: १९७२. सातवीवर गाळ काढण्याच्या कामाचे चार टप्पे. आठवीवर एक प्रश्न: 'बुजवायची, की उपसायची?' रंग दोनच ठेवले, पांढऱ्यावर काळा. गिरक्या बंद केल्या. अक्षर केवढे असावे, हे ठरवण्यासाठी मी ग्रामपंचायतीच्या सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. मला चष्म्यावाचून वाचता येईपर्यंत नात अक्षर वाढवीत राहिली. जे बोलावयाचे ते स्लाइडखालच्या टिपणांच्या चौकटीत लिहिले. ते बोलणाऱ्यासाठी असते. पडद्यावर उमटत नाही.

२६ जानेवारी २०२५ चा दिवस उजाडला. ध्वजवंदनानंतर सभा भरली. माझी पाळी आली, तेव्हा हात किंचित कापत होते. मी पडद्याकडे पाठ केली आणि लोकांकडे पाहिले. वासराच्या मालकाकडे पाहून मी म्हणालो, "तुमचे नुकसान झाले, तसे पुन्हा कोणाचे होऊ नये, यासाठी काय करता येईल, ते आधी दाखवतो." त्याने मान हलवली आणि सभा ऐकू लागली. '४१' आणि '१४' हे आकडे आले, तेव्हा मागच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांत कुजबुज झाली. मग '१९७२' हा आकडा आला.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना त्या आकड्यापुढे काही लिहावे लागत नाही. त्या वर्षी मी तुमच्याएवढा होतो. मी त्या दुष्काळाविषयी पाच वाक्ये पाठ केली होती. परंतु ती बोलण्यापूर्वी मी बी ही कळ दाबली. त्या कळीने पडदा तात्पुरता काळा होतो आणि पाहणाऱ्यांचे डोळे पडद्यावरून माणसाकडे वळतात, हे नातीने मला शिकवले होते. पडदा काळा झाला. सभागृहात क्षणभर कोणी बोलेना. तोच चावडीजवळ राहणाऱ्या एक वृद्ध आजीबाई भिंतीचा आधार घेऊन उठल्या.

"मास्तर, मी बोलू का?" त्या म्हणाल्या. "त्या साली गावातल्या साऱ्या विहिरी आटल्या. बारवेच्या तळाशी तेवढं पाणी होतं. रातच्याला आम्ही बाया रांग धरून पायऱ्यांवर बसायचो. खालची वाटीनं घागर भरायची अन् वरच्या पायरीवर द्यायची; वरची तिच्या वरच्या पायरीवर. अशी घागर वर यायची. माझ्या कडेवर हाच होता," असे म्हणून त्यांनी पुढे बसलेल्या आपल्या मुलाकडे बोट दाखवले. त्याचेही केस पिकलेले होते. "त्या पाण्यावर हा जगला. आता बुजवा म्हणता?"

त्या खाली बसल्या. मी पाठ केलेली पाच वाक्ये बोललोच नाही. पुन्हा बी दाबून पडदा उजळला, गाळ काढण्याचे टप्पे दाखवले आणि शेवटचा प्रश्न पडद्यावर तसाच राहू दिला.

सभेने त्या दिवशी टाळ्यांच्या गजरात ठराव केला, असे मी म्हणालो, तर ते खरे होणार नाही. वादविवाद झाला. गाड्यांचा प्रश्न काहींना अजून मोठा वाटत होता, आणि त्यांचेही म्हणणे अगदी चुकीचे नव्हते. अखेर ठरले ते एवढेच, की १ मेच्या सभेपर्यंत बारव बुजवू नये. तोवर ज्यांना उपसावयाची असेल, त्यांनी श्रमदानाने उपसून पाहावी.

एप्रिलमध्ये घमेली आणि फावडी घेऊन आम्ही कामाला लागलो. माझ्या दोन फजित्या पाहिलेला सातवीचा तो वर्ग परीक्षा संपताच आला. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा सर्वांत पुढे होता. वासराचा मालकही आपला ट्रॅक्टर घेऊन आला. एकेक पायरी मोकळी होई, तसतसा मुलांचा मोजण्याचा गलका वर येई. एकोणतिसाव्या पायरीवर माती ओलसर लागली. तेहतिसाव्या पायरीवर, भर उन्हाळ्यात, दगडांच्या सांध्यातून पाणी पाझरताना दिसले.

१ मेच्या सभेसाठी नातीने नवी स्लाइड केली. तिच्यावर त्या पाझरत्या पाण्याचे छायाचित्र होते आणि आकडा होता: ३३. तिने मला विचारले, "आजोबा, यावर आणखी काही लिहू का?"

मी म्हणालो, "नको. उरलेले आपण बोलू."

तिने संगणक मिटला. मी मेजावरचा तो अर्धा खडू उचलून तिच्या तळहातावर ठेवला. "ही तुमची गुरुदक्षिणा, बाई," असे म्हटल्यावर ती पुन्हा पहिल्या दिवसासारखी खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारवेवर गेलो, तेव्हा तेहतिसाव्या पायरीच्या काठावर खडूची एक आडवी पांढरी रेघ ओढलेली दिसली. पाणी तिच्याखाली चार बोटे होते.